मिश्र जातीच्या कुत्र्याचा घरावरील हक्क

आपल्याकडील मध्यमवर्गीय घरात कुत्रे पाळण्याचा विचार निघाला म्हणजे बहुधा सर्वानुमते जो तोडगा ठरतो तो असा असतो, की जागा दोन खोल्यांची, मिळकत बेताची आणि घरातील कर्ती माणसे दिवसभर कामावर, तेव्हा मोठे कुत्रे नको आणि हजारो रुपये मोजून वंशावळीचा दाखला असलेलेही नको. कोणाच्या तरी ओळखीने मिळणारे, पामेरियन आणि गावठी यांच्या संकरातून जन्मलेले एखादे लहानसे पिल्लू आणावे, म्हणजे मुलांची हौस भागेल आणि खर्चाचा व उस्तवारीचा भारही पडणार नाही. या तोडग्याचा पूर्वार्ध मला मान्य आहे. शहरातील लहान घरासाठी मिश्र जातीचे लहान कुत्रे ही उत्तम निवड होय, असे माझे अनुभवांती मत झाले आहे. उत्तरार्धाला मात्र माझी पक्की हरकत आहे; कारण आकार लहान म्हणून उस्तवार लहान आणि कुळ अज्ञात म्हणून प्रकृती आपोआप दणकट, या दोन गृहीतांपायी जितकी कुत्री हालअपेष्टेत आयुष्य काढतात आणि अखेरीस रस्त्यावर येतात, तितकी उघड क्रौर्यापायी येत नसावीत, असे मला वाटते.

ही कुत्री आपल्याकडे आली कशी, हे पाहण्यासारखे आहे. १९९४ साली आलेल्या ‘हम आपके हैं कौन’ या चित्रपटातील टफीमुळे ज्याची ओळख तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचली ते पांढरे, झुपकेदार शेपटीचे स्पिट्झ, ज्याला आपण सरसकट पामेरियन म्हणतो. जुन्या बंगल्यांतून राहिलेली आखूड पायांची डॅक्सहुंड. अलीकडच्या काळात सदनिकांतून दिसू लागलेली ल्हासा आणि शीत्झू. या सर्वांचा आपल्या गल्लीतील देशी कुत्र्यांशी कोणाच्याही अनुमतीवाचून जो संबंध येत गेला, त्यातून ही बहुरूपी प्रजा निर्माण झाली. एकाचे कान उभे तर दुसऱ्याचे अर्धे मोडलेले, एकाच्या अंगावर रेशमी केस तर त्याच्याच सख्ख्या भावंडाचे केस राठ. पिल्लू आणताना ते पुढे चार किलोचे राहील की बारा किलोचे होईल, हे छातीठोकपणे सांगता येत नाही. ज्यांना ही अनिश्चितता मान्य नसेल त्यांनी या वाटेला जाऊ नये. मला स्वतःला मात्र या अनिश्चिततेत निसर्गाची एक उदारता दिसते.

‘क्रॉस’ कुत्रे काटक असते, आजारी पडत नाही, हे वाक्य इतक्या वेळा कानांवर येते की त्याची खातरजमा करून घेण्याची गरज कोणाला भासत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुरुग्णालयातील २७ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या दप्तराची छाननी करून २०१३ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्यात आनुवंशिक म्हणून गणल्या जाणाऱ्या २४ विकारांपैकी १० विकार शुद्ध जातींत अधिक आढळले, गुडघ्यातील अस्थिबंध तुटण्याचा १ विकार उलट मिश्र जातींत अधिक आढळला, आणि उरलेल्या १३ विकारांत या दोहोंमध्ये फरक दिसला नाही. म्हणजे संकराचा लाभ खरा आहे, परंतु तो मर्यादित आहे. आणि अर्ध्याहून अधिक विकारांच्या बाबतीत ज्याच्या कुळाचा पत्ता नाही त्या कुत्र्यालाही पशुवैद्याच्या दाराशी तितक्याच वेळा जावे लागणार, हे मनाशी धरूनच पिल्लू घरात आणले पाहिजे.

लहान देहाच्या अशा काही व्याधी आहेत, की ज्या मोठ्या कुत्र्यांत तितक्या दिसत नाहीत आणि ज्यांची वार्ता पिल्लू देणारा कधी सांगत नाही. पहिली गोष्ट दातांची. प्रौढ कुत्र्याला, मग ते वासराएवढे ग्रेट डेन असो की मांडीवर मावणारे पामेरियन, बेचाळीस दात असतात. लहान जबड्यात ते दाटीवाटीने बसतात, दुधाचे दात पडण्याचे राहून गेले तर त्यांच्याशेजारीच पक्के दात उगवतात, आणि त्या फटींतून अन्न कुजून हिरड्यांवर पिवळट किटण चढते. आमच्या घरी चिंगी नावाची अशीच एक मिश्र कुळाची, सहा किलो वजनाची कुत्री आहे. रात्रीची आवराआवर झाली की ती स्वतः होऊन मोरीच्या उंबऱ्याशी येऊन बसते, ओठ वर उचलू देते, आणि बोटाला ओले फडके गुंडाळून सुळ्यांपासून मागच्या दाढांपर्यंत हिरडीच्या कडेकडेने मी ते फिरवतो. दाढेवर एखाद्या दिवशी लालसर रेघ दिसली तर दुसऱ्या दिवशी तिकडे अधिक लक्ष देतो. यात कसलेही कौशल्य नाही, पाच मिनिटांचा वेळही लागत नाही. माणसांची टूथपेस्ट मात्र कुत्र्याला वापरू नये. तिच्यातील फ्लोराइड ते थुंकून टाकू शकत नाही, आणि काही पेस्टमधील झायलिटॉल हा गोड पदार्थ तर त्याला विषासमान आहे.

दुसरी गोष्ट श्वासनलिकेची. लहान कुत्र्यांत तिची कूर्चेची कडी कालांतराने पिचू लागतात, आणि गळ्यातील पट्ट्याला हिसका बसला की कोरडा, घोगरा ठसका लागतो; म्हणून फिरायला नेताना गळ्याच्या पट्ट्याऐवजी छातीभोवती बसणारा हार्नेस घालावा. तिसरी गोष्ट गुडघ्याच्या वाटीची. कुत्रे चालता चालता मागचा एक पाय उचलते, तीन पायांवर दोन-चार पावले टाकते आणि जणू काही घडलेच नाही अशा रीतीने पुन्हा चारही पायांवर चालू लागते. पाहणाऱ्यांना तो लाडिकपणा वाटतो, परंतु ती वाटी आपल्या खाचेतून सरकत असते. जुन्या घरांतील शहाबादी फरशीवर पंजाला थोडा आधार तरी मिळत असे. आता गुळगुळीत टाइल्स सर्वत्र आल्या आहेत, त्यांच्यावरून धावताना आणि सोफ्यावरून उडी घेताना हेच सांधे प्रथम झिजतात. म्हणून कुत्र्याच्या रोजच्या वाटेवर एखादी जाडसर सतरंजी टाकावी आणि त्याचे वजन वाढू देऊ नये.

हृदयाची झडप निकामी होण्याचा विकार लहान कुत्र्यांना उतारवयात फार वेळा गाठतो. त्याची पहिली खूण घरच्या माणसालाच दिसू शकते. कुत्रे गाढ झोपलेले असताना त्याच्या बरगड्या मिनिटाला किती वेळा वरखाली होतात ते घड्याळ लावून मोजावे. हा आकडा तीसच्या आत असावा, आणि तो वारंवार तिसापुढे जाऊ लागला तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता पशुवैद्याला कळवावे. चिंगी आता म्हातारी झाली असल्यामुळे आमच्याकडे हा क्रम चालू आहे, आणि कॅलेंडरच्या रकान्यात दुधाच्या हिशेबाशेजारी तिच्या श्वासांचा आकडा लिहिला जातो.

अन्नाविषयी थोडे विस्ताराने लिहिणे मला अगत्याचे वाटते, कारण आपल्या घरांत कुत्र्याला होणारी इजा पुष्कळदा प्रेमानेच होते. सत्यनारायणाच्या पूजेनंतर प्रसादाचा शिरा सर्वांना वाटला जातो, आणि घरातील मुक्या जिवाला वगळणे आजीला पाप वाटते. परंतु त्या शिऱ्यात पडलेले तासगावचे बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला मारक ठरू शकतात. किती खाल्ल्याने अपाय होईल याचे प्रत्येक कुत्र्याचे प्रमाण वेगळे असल्यामुळे एकही मनुका निर्धास्तपणे देता येत नाही. द्राक्षांचेही तसेच. कांदा आणि लसूण, मग ते रश्श्यात असोत की भज्यात, रक्तातील तांबड्या पेशींचा नाश करतात. चॉकलेटमधील द्रव्य हृदयावर आणि मज्जासंस्थेवर आघात करते. माणसांच्या अंगदुखीच्या गोळ्या तर पशुवैद्याच्या सांगण्यावाचून कदापि देऊ नयेत. तीस किलोच्या कुत्र्याला जे पचून जाईल त्याच मात्रेने सहा किलोचे कुत्रे आडवे होते. जेवणाच्या ताटातील एखादी पोळी आपल्या लेखी नगण्य असली तरी एवढ्याशा देहाच्या दिवसभराच्या गरजेचा तो मोठा हिस्सा असतो, आणि दिवसातून चार जणांनी चार घास दिले की वर्षाअखेर त्याच गुडघ्यांवर आणि त्याच हृदयावर नवा भार चढतो. दूधपोळीवर कुत्री जगतात हे खरे. परंतु जगणे आणि निरोगी राहणे यांत जे अंतर आहे ते मांस, अंडी, शिजवलेली डाळ-भाजी आणि पशुवैद्याने सुचवलेला पूरक आहार यांनीच भरून निघते.

लहान कुत्र्याच्या कुत्रेपणाकडे होणारे दुर्लक्ष हा ‘आकार लहान म्हणून उस्तवार लहान’ या गैरसमजाचाच दुसरा भाग आहे. मोठे कुत्रे अंगावर धावून आले तर घरात तातडीची मसलत भरते. लहान कुत्रे पाहुण्यांच्या पावलांवर तुटून पडले तर मुले टाळ्या पिटतात. त्याला सदैव कडेवर घेतल्यामुळे रस्ता, वास, अनोळखी माणसे आणि इतर कुत्री यांच्याशी त्याचा परिचय होत नाही, आणि हा अपरिचय पुढे भीतीच्या व भुंकण्याच्या रूपाने शेजाऱ्यांच्या तक्रारीपर्यंत पोहोचतो. सकाळ-संध्याकाळ अर्धा-पाऊण तास स्वतःच्या पायांनी हिंडणे, वाटेतील प्रत्येक खांब हुंगणे, हे त्याच्या बुद्धीचे अन्न आहे. दिवाळीच्या दिवसांत, माणसाला ऐकू न येणारे उच्च स्वरही ज्याला ऐकू येतात अशा या प्राण्यासाठी घरातील आतली खोली, बंद खिडक्या आणि जवळ बसलेले माणूस यांची तजवीज आधीच करून ठेवावी.

आता वर्षानुवर्षांच्या दायित्वाविषयी. लहान कुत्री मोठ्यांपेक्षा अधिक जगतात. नीट सांभाळलेले कुत्रे चौदा-पंधरा वर्षे सहज काढते. पिल्लू मागणारा मुलगा दहा वर्षांचा असतो आणि कुत्रे म्हातारे होते तेव्हा तो पंचविशीत येऊन बंगळुरात किंवा न्यू जर्सीत नोकरीला लागलेला असतो. पुण्याच्या कोथरूड-कर्वेनगरसारख्या भागांत सकाळी फिरायला निघावे म्हणजे साठी-पासष्टी उलटलेली जोडपी, मुलांनी हौसेने आणलेले आणि मागे ठेवून गेलेले कुत्रे घेऊन सावकाश चाललेली दिसतात. त्यांतील कित्येकांना गुडघ्यांचा त्रास असतो, तरी ती जिना उतरतात, कारण त्या जिवाला दुसरे कोणी नाही. त्यांच्याविषयी मला नितांत आदर वाटतो. परंतु हे ओझे त्यांच्या अनुमतीने त्यांच्यावर आले होते का, हा प्रश्नही मला अस्वस्थ करतो. कुत्रे आणण्यापूर्वी घरात जी मसलत व्हावी तिच्यात आजच्या हौसेपेक्षा बदली, लग्न, बाळंतपण, परदेशगमन आणि आजारपण यांचा विचार अधिक व्हावा, आणि ज्याच्या अंगावर अखेरीस हे काम पडणार आहे त्याचा होकार प्रथम घ्यावा.

जिथे असा विचार होत नाही तिथे एक दिवस ते कुत्रे दूरच्या वस्तीत, टेकडीच्या पायथ्याशी किंवा महामार्गावरील एखाद्या ढाब्याजवळ सोडले जाते. वंशावळीच्या कुत्र्याला निदान दुसरा गिऱ्हाईक मिळतो. मिश्र जातीच्या प्रौढ कुत्र्याला तोही मिळत नाही. रस्त्यावर वाढलेल्या कुत्र्याला गाडीचा वेग कळतो, हद्द कळते, अन्न कोठे मिळेल ते कळते. घरातून काढलेल्या लहान कुत्र्याला यांपैकी काहीच कळत नसल्यामुळे ते सोडलेल्या जागीच बसून राहते, आणि येणाऱ्या प्रत्येक मोटारीकडे आशेने पाहते. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११ व्या कलमानुसार, उपासमारीने वा तहानेने प्राण्याचे हाल होतील अशा स्थितीत वाजवी कारणावाचून त्याला सोडून देणे हा गुन्हा आहे. परंतु पहिल्या गुन्ह्याला शिक्षा सांगितली आहे ती किमान १० आणि कमाल ५० रुपये दंडाची. रेबीजच्या एका लशीला याहून अधिक पैसे पडतात. ज्या राज्यव्यवस्थेत जबाबदारी पार पाडणाऱ्याला ती टाळणाऱ्यापेक्षा अधिक मोजावे लागते, तिथे कायद्याचा धाक कोणाला वाटावा? या कलमाची दुरुस्ती संसदेने विनाविलंब करावी, असे मी आग्रहाने म्हणतो.

नसबंदीविषयी आपल्याकडे जो संकोच आहे तो आता सोडला पाहिजे. कुत्रीला एकदा तरी पिल्ले होऊ द्यावीत, नाहीतर तिचा जन्म अपुरा राहतो, ही समजूत सुशिक्षित घरांतूनही आढळते. वैद्यकीयदृष्ट्या तिला आधार नाही. उलट, नसबंदी न झालेल्या कुत्रीच्या गर्भाशयात उतारवयात पू साठण्याचा जिवावर बेतणारा आजार संभवतो. माजावर येऊन गेल्यानंतरच्या काही आठवड्यांत ती वारंवार पाणी पिऊ लागली आणि अन्न टाकू लागली तर ती त्याची खूण समजावी. पहिल्या माजापूर्वी नसबंदी झाली तर स्तनांच्या गाठींचा धोकाही पुष्कळ घटतो, मात्र नेमकी वेळ पशुवैद्याने ठरवावी. लहान चणीच्या कुत्रीवर मोठा कुत्रा चढला तर पिल्ले अडण्याचे भय असते ते वेगळेच. आणि त्या पिल्लांचे पुढे काय होते? दोन ओळखीच्यांकडे जातात, उरलेली खोक्यात घालून कोणाच्या तरी दाराशी ठेवली जातात. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी पाळीव प्राण्याचे जंतनिर्मूलन, लसीकरण आणि नसबंदी यांची जबाबदारी स्पष्टपणे मालकावर टाकली आहे. २०१७ च्या श्वान प्रजनन नियमांनी आठ आठवड्यांखालील पिल्लांच्या विक्रीला मनाई केली आहे. तरी आठवडी बाजारांतून टोपलीत भरलेली, डोळे नुकते उघडलेली पिल्ले राजरोस विकली जातात.

‘आमचे कुत्रे घराबाहेर जातच नाही, त्याला लस कशाला?’ असे म्हणणाऱ्यांना माझी विनंती आहे, की रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की तो रोग जवळजवळ निरपवादपणे मृत्यूतच संपतो, हे त्यांनी क्षणभर डोळ्यांपुढे आणावे. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की ही लस आणि त्यानंतर पशुवैद्याच्या सांगण्याप्रमाणे तिची पुनरावृत्ती. दीड-दोन महिन्यांपासून पार्व्हो व डिस्टेंपर यांच्या लशी. हा शिरस्ता मोडू नये. लहान पिल्लाच्या दाताचा ओरखडा क्षुल्लक समजू नये. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून लेप्टोचा संसर्ग होतो. २००५ च्या जुलैमधील महापुरानंतर मुंबईत माणसांत त्याची साथ आली होती. उंदरांच्या मूत्रातून पसरणारा हा रोग कुत्र्यांनाही होतो, तेव्हा त्या प्रदेशात ही लसही घ्यावी. गोचिडींचा शोध तर रोज संध्याकाळी घ्यावा: कानाच्या घडीत, काखेत आणि पंजाच्या बोटांमधील बेचक्यात बोटे फिरवली की मुगाएवढी गाठ हाताला लागते. ती चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ उपसून काढावी, नखांत चिरडू नये.

गृहनिर्माण संस्थांतील वाद आता नित्याचे झाले आहेत. भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाने २०१५ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार, बहुमताचा ठराव करूनही संस्थेला कुत्रे पाळण्यास बंदी घालता येत नाही. ही मुभा मला न्याय्य वाटते, आणि म्हणूनच तिचा उपभोग घेणाऱ्याने जिन्यातील विष्ठा स्वतःच्या हाताने कागदात उचलली पाहिजे, उद्वाहनात कुत्रे आखूड दोरीवर धरले पाहिजे आणि ज्याला भय वाटते त्या शेजाऱ्याला आधी वाट दिली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची कथा आपण मुलांना सांगतो. ती भूतदया आपल्या संस्कृतीत निश्चित आहे. परंतु दारी आलेल्याला घास घालणे आणि घरी आणलेल्याची चौदा वर्षे निगा राखणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि दुसऱ्या गोष्टीचा संस्कार आपल्याला अजून रुजवायचा आहे.

या कामी शासनव्यवस्थेने हात दिला पाहिजे. प्राण्यांसाठी सार्वजनिक दवाखाना ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही; परळ येथील बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय १८८३ साली उभे राहिले आणि तीन वर्षांनी त्याच परिसरात मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. असे असताना आजही पुष्कळ शहरांत खाजगी दवाखान्याचा खर्च न झेपणाऱ्या घरासाठी परवडणारी सोय मिळणे कठीण जाते. मुंबई, पुणे यांसारख्या महानगरपालिकांत पाळीव कुत्र्याचा परवाना बंधनकारक आहे, पण असंख्य घरांत तो काढलेलाच नसतो, कारण परवाना काढल्याने कुत्र्याला किंवा मालकाला काही लाभ होतो असा अनुभव येत नाही. माझी सूचना अशी आहे, की प्रत्येक प्रभागात महिन्यातील एका रविवारी एकाच ठिकाणी परवाना, रेबीजची लस आणि सवलतीच्या दरातील नसबंदीची तारीख देण्याची व्यवस्था करावी. परवान्यावर कुत्र्याचे छायाचित्र आणि मालकाचा पत्ता असावा, म्हणजे बेवारस सापडलेल्या कुत्र्याच्या मालकाचा माग काढता येईल. आणि मिश्र जातीच्या, नसबंदी झालेल्या कुत्र्याला परवाना शुल्क पूर्ण माफ असावे. याला लागणारा पैसा फार नाही. अंदाजपत्रकाची तयारी सुरू होण्यापूर्वी आपापल्या क्षेत्रीय कार्यालयात अशा मागणीचा लेखी अर्ज, आपल्या कुत्र्याच्या परवान्याची प्रत जोडून, आपण कुत्रे पाळणाऱ्यांनीच प्रथम दाखल करावा.